माळावरची शिलावर्तुळं : प्रस्तावना

विदर्भात अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी राहणाऱ्या माणसांची घरं आपल्याला फारशी सापडलेली नाहीत. सापडली आहेत ती त्यांची दफनं. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यात शंभराहून अधिक ठिकाणी मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं नोंदली गेली आहेत आणि एकेका ठिकाणी ती दहावीसपासून काही शेकड्यांपर्यंत आहेत. याच लोकांच्या वस्तीचे थर जिथे खात्रीने ओळखता आले अशी गावं मात्र मोजकीच : टाकळघाट, नैकुंड, भागीमोहारी, खैरवाडा, रायपूर आणि आणखी थोडी. त्यांनी लिहून काही ठेवलं नाही. त्यांची भाषा कोणती, ते स्वतःला काय म्हणवत, हे सांगणारी एक ओळही कुठे नाही. त्यामुळे त्यांच्या जगण्याबद्दल जे कळलं ते बहुतांशी त्यांनी आपल्या माणसाला निरोप कसा दिला यावरून कळलं. वर्तुळ मोडलं की त्या माणसांबद्दल कळण्याची ती एक वाट कायमची बंद होते. हे पुस्तक लिहायला बसलो तेव्हा डोक्यात पहिल्यापासून हीच गोष्ट होती.

शिलावर्तुळ दुरून पाहिलं तर चटकन ओळखू येत नाही. मुरमाड माळावर बोरी-बाभळींच्या आडोशाने जमीन जराशी फुगलेली दिसते. जवळ गेल्यावर त्या फुगवट्याभोवती एकमेकांना लागून बसवलेले काळे धोंडे दिसतात. काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे, काही मातीत इतके रुतलेले की नुसती पाठ वर राहिलेली. वर्तुळाचा व्यास आठ-दहा मीटरपासून वीस-पंचवीस मीटरपर्यंत असतो. आतला उंचवटा कधी वीतभर, कधी पुरुषभर. तो गोट्यांनी आणि मुरमाने भरलेला असतो. पावसाळ्यात त्यावर गवत माजतं आणि गुरं चरतात. उन्हाळ्यात गवत जळून गेलं की गोट्यांचा तो ढीग उघडा पडतो आणि हे निसर्गाचं काम नव्हे, हे नवख्यालाही कळतं.

नागपूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, काटोल रस्त्याच्या बाजूला, जुनापाणी नावाचं ठिकाण आहे. तिथे अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेल्या विदर्भातल्या शिलावर्तुळ-स्थळांत त्याचं नाव सगळ्यांत जास्त घेतलं जातं. १९६१-६२ मध्ये सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी तिथली तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध पद्धतीने खणली. वर्तुळ खणतात कसं ते इथेच सांगतो, कारण पुढची बरीच प्रकरणं त्यावर उभी आहेत. वर्तुळाचे चार भाग पाडतात आणि समोरासमोरचे दोन भाग आधी उतरवतात. मधे उभी राहिलेली मातीची भिंत तशीच ठेवतात. त्या भिंतीवर थर वाचता येतात : वर गोटे, खाली मुरूम, त्याखाली काळी चिकणमाती, मग पुन्हा गोटे, असं काहीतरी. काळी माती या माळावरची नव्हे, ती सखल भागातून किंवा नाल्याकडून आणावी लागते. म्हणजे कुणीतरी पाट्या भरभरून ती वर वाहिली, पसरली आणि तिच्यावर गोटे रचले. त्या चिकणमातीत बसलेलं काळं-तांबडं मडकं, त्याच्या शेजारची कुऱ्हाड, थोड्या अंतरावर हाडांचे तुकडे. हाडं बहुतेक वेळा फुटकी आणि विरलेली मिळतात. पुष्कळ ठिकाणी देह आधी दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडं इथे आणून पुरली असावीत असं दिसतं.

या सगळ्यात मोलाचं काय, तर कुऱ्हाड नव्हे आणि मडकंही नव्हे. कुऱ्हाड मडक्याच्या कोणत्या बाजूला होती, ती काळ्या मातीच्या वर होती की आत, घोड्याचा लगाम माणसाच्या हाडांपासून किती अंतरावर होता, हे मोलाचं. वस्तू बाहेर काढली की ती मागाहून केव्हाही अभ्यासता येते. तिची जागा मात्र एकदाच पाहता येते. म्हणून चांगला उत्खननकर्ता मोठ्या दफनभूमीतली थोडीच वर्तुळं उघडतो आणि बाकीची पुढच्या पिढीच्या अधिक चांगल्या साधनांसाठी राखून ठेवतो. ज्यांनी जुनापाणीत तीनच वर्तुळं खणली त्यांनी किती सोडली, याबद्दल मला त्यांच्या उत्खननाइतकाच आदर वाटतो.

या वर्तुळांकडे विद्वानांचं लक्ष जाऊन आता पावणेदोनशे वर्षं होत आली. नागपुरात आजही ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी. गोंडांच्या लोककथा त्यांनी टिपून घेतल्या, नागपूर भागातले जीवाश्म गोळा केले, आणि टाकळघाटच्या वर्तुळांकडे पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांतही ते होते. १८६३ च्या सप्टेंबरात मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत ते टाकळघाटला ही वर्तुळं पाहायला गेले. तिथून बोरीच्या शाळेवर जाऊन रात्री एकटेच घोड्यावरून परतत असताना पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. तारीख ४ सप्टेंबर. त्यांचे कागद टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापले. विदर्भाच्या पुरातत्त्वाचा आरंभ असा एका मृत्यूने झाला आहे, आणि टाकळघाटच्या वाटेने जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

त्यानंतरचे शोधक वेगळ्या धाटणीचे. कामठीजवळ मेजर पियर्स यांनी खणलं. त्यांना मिळालेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. जे. एच. रिव्हेट-कार्नाक हे मुलकी अधिकारी, एके काळी या प्रांताचे कापूस आयुक्त. वऱ्हाड-नागपूरच्या कपाशीच्या कामाने त्यांचं माळरानांवरून फिरणं झालं. जुनापाणीच्या वर्तुळांविषयीचा त्यांचा लेख १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांच्या नजरेने टिपलेली एक गोष्ट आजही कामाची आहे : वर्तुळातल्या काही धोंड्यांवर बोटाचं टोक बसेल असे वाटोळे उथळ खळगे ओळीने कोरलेले आहेत. स्कॉटलंडातल्या प्राचीन दगडांवर असेच खळगे असल्याचं त्यांना ठाऊक होतं. तेवढ्यावरून मध्य आशियातल्या एकाच टोळीने युरोपापासून नागपूरपर्यंत ही पद्धत नेली असावी, असं त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी सुचवलं. आज तो तर्क कुणी मानत नाही. खळगे मात्र आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनापाणीतल्या खळग्यांच्या दगडांच्या दिशा मोजल्या, तेव्हा ते वाटेल तिथे नसून ठरावीक दिशांना आहेत असं त्यांना दिसलं. त्याचा संबंध आकाशाशी असू शकेल असं त्यांचं म्हणणं आहे. ते शेवटी टिको न टिको, पण असा प्रश्न विचारता येतो तो दगड आपल्या जागी उभे आहेत म्हणूनच. एक धोंडा बांधावर टाकला किंवा पायात घातला, की ती मोजणी संपली.

या विषयाला खरी बैठक दिली ती नागपूर विद्यापीठाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने. त्यात पहिलं नाव शां. भा. देव यांचं. टाकळघाट-खापा, माहूरझरी आणि नैकुंड या तीन उत्खननांनी विदर्भाच्या लोहयुगाचं चित्र उभं केलं. त्यांतलं नैकुंड अ. प्र. जामखेडकर यांच्यासोबतचं, १९७८ ते ८० या काळातलं. पुढे रायपूर येथे गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी काम केलं, आणि माहूरझरीत या शतकाच्या सुरुवातीला आर. के. मोहंती यांनी नव्याने खोदकाम केलं. या सगळ्यांचे अहवाल इंग्रजीत आहेत आणि विद्यापीठांच्या कपाटांत आहेत. ज्यांच्या वावराला लागून ही वर्तुळं आहेत त्यांच्यापर्यंत त्यांतलं जवळजवळ काहीच पोचलेलं नाही. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं मुख्य कारण ते.

या उत्खननांत मिळालेल्या एका वस्तूपाशी जरा थांबतो. विदर्भातल्या वर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी खूप मिळाल्या आहेत. आजच्या कुऱ्हाडीला दांडा घालायला नेढं असतं. या कुऱ्हाडींना ते नाही. पातं सपाट, एका बाजूला पसरत गेलेलं. ते लाकडी दांड्याला जोडायचं आणि वर लोखंडाच्या पट्ट्यांनी आडवं-उभं, फुलीसारखं आवळायचं. दांडा केव्हाच मातीत मिसळला, पण गंजून पात्याला चिकटलेल्या त्या पट्ट्या तशाच आहेत, आणि त्यांच्या वळणावरून दांड्याची जाडी किती असेल याचा अंदाज येतो. काही कुऱ्हाडींच्या तपासणीत धारेच्या लोखंडात पोलादाचा गुण आढळला आहे. हे काम भात्याशी रोज बसणाऱ्याचं आहे. नैकुंडला पेंच नदीकाठच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली : चिकणमातीच्या वक्र विटा, भात्याच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. मृतासोबत जे शस्त्र ठेवलं ते इथेच, शेजारच्या गावात घडत होतं, याचा हा सगळ्यांत पक्का पुरावा आहे.

दुसरी गोष्ट घोड्याची. माहूरझरीला घोड्याचे अवशेष मिळाले आणि त्यासोबत लोखंडी लगाम व घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. जुनापाणी आणि नैकुंडलाही घोडा आहे. धन्यासोबत जनावरालाही वर्तुळात जागा देणारे हे लोक. तांब्याची मूठ बसवलेले लोखंडी खंजीर, वर पक्षी बसवलेली तांब्याची झाकणं, गोमेद-अकीकाचे मणी, अशा इतर वस्तूही आहेत. मणी तर माहूरझरीतच घडवले जात. सोनं सापडलंच तर पातळ पत्र्याच्या लहानशा दागिन्याएवढं.

घोडे आणि हत्यारं पाहून काही अभ्यासकांनी, विशेषतः लॉरेन्स लेश्निक यांनी, हे लोक भटके पशुपालक होते असं मांडलं. वस्ती कमी आणि दफनं जास्त, हाही त्यांच्या बाजूचा मुद्दा. पण नैकुंड आणि भागीमोहारीसारख्या वस्त्यांच्या मातीतून धान्य वेचलं गेलं, तेव्हा तांदूळ, गहू, जव, मसूर, वाटाणा अशी पिकं दिसली. वर्षभराची शेती करणारं, खळं राखणारं, लोहार आणि मणी घडवणारे कारागीर पोसणारं हे गाव आहे. त्यात गुरं राखणारे असतील आणि मोसमाप्रमाणे दूर जाणारेही असतील. माझं मत शेतीच्या बाजूचं आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनीवर घरं आणि पीक, नांगर न चालणाऱ्या बरडावर आपली माणसं, अशी या लोकांनी जमिनीची वाटणीच केली होती असं या पट्ट्यातून फिरताना वारंवार दिसतं.

गावकऱ्यांच्या बोलण्यात ही वर्तुळं फार जुन्या काळापासून गवळ्यांची आहेत. गवळी राजांच्या काळातले गुरांचे वाडे, असं जुन्या गॅझेटियरमध्येही नोंदवलंय. पुरातत्त्वाच्या हिशेबाने ते खरं नाही. पण ही जागा कुणाची तरी आहे, मोकळी नाही, एवढी जाण त्या समजुतीने पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि म्हणून ती मला मोलाची वाटते. गडचिरोलीत भामरागडकडचे माडिया गोंड आजही मृतासाठी दगड उभा करतात. त्यांना या लोहयुगीन लोकांचे थेट वारस ठरवण्याची घाई करू नये. मात्र दगड उभा करताना किती माणसं लागतात, जेवण कोण घालतं, कोणत्या नात्याचा माणूस पहिला हात लावतो, हे त्यांच्याकडून शिकल्याशिवाय एखाद्या वर्तुळामागच्या मेहनतीची कल्पना येणार नाही.

आता संरक्षणाबद्दल. माझ्या मनातला हा सगळ्यांत काळजीचा भाग आहे.

केंद्राचा प्राचीन स्मारक कायदा १९५८ चा आहे, राज्याचा १९६० चा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ते परवानगीने करावं लागतं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा कडक आहे आणि असायला हवा. अडचण दुसरी आहे. किल्ला, देऊळ, लेणं यांची हद्द डोळ्यांना दिसते. तीन-चारशे वर्तुळांच्या दफनभूमीची हद्द कुठे संपते? कागदावर ती एखाद्या सर्वे नंबरापाशी संपते. जमिनीवर ती ओढ्यापलीकडे, शेजारच्या गावाच्या शिवारात, कुणाच्या तरी धुऱ्यापर्यंत पसरलेली असते. संरक्षित स्मारकाच्या निळ्या फलकाच्या अलीकडचं वर्तुळ राष्ट्रीय महत्त्वाचं आणि पलीकडचं नुसते धोंडे, असं होऊन बसतं. ज्याची जमीन त्या ३०० मीटरच्या आत येते त्याला घर वाढवायचं, विहीर बांधायची तरी कागद फिरवत बसावं लागतं. त्याचं गाऱ्हाणं खोटं नाही. त्याला आपल्या शेजारी काय आहे हे कुणी कधी समजावून सांगितलेलं नसतं. त्याला सांगितली जाते ती फक्त मनाई.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट अशी. ही वर्तुळं अडीच हजार वर्षं टिकली ती कुण्या कायद्याने नाही. ती टिकली कारण ती ज्या जमिनीवर आहेत ती जमीन कुणाला नको होती. मुरमात ज्वारी येत नाही, कपाशी येत नाही. म्हणून ती महसुली कागदांत ई-क्लास राहिली, गायरान राहिली, झुडपी जंगल राहिली, आणि गुरांच्या पायाखाली जेवढं झिजेल तेवढंच झिजलं. नागपूर वाढायला लागलं आणि हा हिशेब उलटला. पीक न देणारी, पाणी न साचणारी, रस्त्यालगतची सपाट बरड जमीन आता लेआउटला सगळ्यांत सोयीची. तिच्यातला मुरूम रस्त्याच्या भरावाला सगळ्यांत सोयीचा. काळ्या जमिनीतली वस्ती नांगराने आधीच खरवडली. राहिली होती ती दफनभूमी, आणि तीच आज जेसीबीच्या वाटेत आली आहे. एक वर्तुळ सपाट करायला अर्धा तास पुरतो. ते करणाऱ्या चालकाच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. त्याला माळ साफ करायला सांगितलेला असतो आणि तो साफ करतो.

फलक लावलेल्या मोजक्या जागा राखून भागणार नाही असं मला म्हणूनच वाटतं. जुनापाणी राखलं आणि आसपासचं सगळं गेलं, तर कुणाचं वर्तुळ मोठं आणि कुणाचं लहान, कुणाला माळाचा माथा मिळाला आणि कुणाला उतार, एका गावाची दफनभूमी दुसऱ्या गावाच्या दफनभूमीपासून किती अंतरावर, यातलं काहीही विचारता येणार नाही. या समाजात मान कुणाला होता, याची उत्तरं एका वर्तुळात नसतात. ती अनेक वर्तुळांमधल्या मोकळ्या जागेत असतात, आणि रिकामी जागा राखायला आपली कोणतीही यंत्रणा आजवर शिकलेली नाही.

यावर उपाय काय, याची चर्चा शेवटच्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे त्यांतला एकच सांगतो, कारण त्याला पैसा फारसा लागत नाही. प्रत्येक गावच्या नकाशावर ही वर्तुळं चढवली जावीत आणि ज्या गटात ती आहेत त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात तशी नोंद व्हावी. जमीन विकत घेणारा, अकृषक परवानगी देणारा आणि मुरमाचा परवाना काढणारा, तिघेही तो कागद पाहतातच. ज्याला आधी कळतं तो पुष्कळदा आराखडा थोडा सरकवतो. वर्तुळ वाचवायला बहुतेक वेळा तेवढंच पुरेसं असतं.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. आधी माळ, दगड आणि पाणी. मग उत्खननं, ज्या क्रमाने झाली त्या क्रमाने. मग वस्तू : लोखंड, तांबं, मणी, मडकी. त्यानंतर घोड्याचं वेगळं प्रकरण, कारण तो विषय मोठा आहे आणि त्यावर अजून एकमत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला शिळांवर शिळा टेकवून केलेल्या मेजांसारख्या रचना आहेत. त्यांचा प्रकार निराळा म्हणून त्या परिशिष्टात घेतल्या आहेत. कालगणनेचा तक्ता मुद्दाम ढोबळ ठेवला आहे. कार्बन पद्धतीने मिळालेल्या तारखा इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, विशेषतः त्याच्या मधल्या शतकांत पडतात. त्यापेक्षा बारीक दावा करावा इतक्या तारखा आपल्याकडे नाहीत.

एक निर्णय मात्र वाचकाला खटकेल म्हणून आधीच सांगतो. संरक्षित स्थळांची वाट आम्ही नकाशासह दिली आहे, ती प्रत्येकाने जाऊन पाहावीत. असंरक्षित वर्तुळांचे गट क्रमांक, रस्ते, खुणा कुठेही छापलेल्या नाहीत. तालुक्याच्या पुढे माहिती नाही. गुप्तधनाच्या आशेने वर्तुळाच्या मधोमध खणलेले ताजे खड्डे या भागात हल्लीही दिसतात. खणणाऱ्याला तिथे गंजकं लोखंड आणि फुटकी मडकी मिळतात. ती तो तिथेच फेकून देतो, आणि वर्तुळ मात्र संपतं. पुस्तकाने अशांना वाट दाखवावी असं आम्हाला नको होतं. पूर्ण यादी पुरातत्त्व खात्याकडे दिली आहे. ज्या गावांच्या शिवारात ही वर्तुळं आहेत त्या ग्रामपंचायतींनाही आपापल्या गावापुरतं पान दिलं आहे. आपल्या वावरात किंवा माळावर असा उंचवटा असल्याची शंका कुणाला आली, तर त्याने दगड न हलवता, वर चढून न खणता, चारही बाजूंनी फोटो काढावा आणि तलाठ्याला व पुरातत्त्व खात्याला कळवावं. उन्हाळ्यात, गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेला फोटो सगळ्यांत उपयोगी पडतो, कारण तेव्हा अर्धे रुतलेले धोंडेही सावलीमुळे उठून दिसतात.